लिस्बनचं माट म्युझियम अर्ध्या दिवसात कसं बघायचं: गच्चीवर नंतर जा, आधी छताखाली बसा

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय की ऑक्टोबरच्या मध्यात भावाकडे लिस्बनला जातोय, सोबत 68 वर्षांची आई आहे, गुडघे दुखतात तिचे, तिथे बेलेंमध्ये नदीकाठी ते पांढरं माट म्युझियम आहे ते फोटोत फार सुंदर दिसतं पण लोक लिहितात की आत काहीच नाही, गच्चीवर जा, सेल्फी काढा नि परत या, तर त्यासाठी अर्धा दिवस काढावा का, आणि आईला देवळातली चित्रं आवडतात पण मॉडर्न आर्ट काही कळत नाही, तर ती कंटाळेल का.

ताई, नक्की जा, आणि आईंना घेऊनच जा. मी समीक्षक वगैरे नाही, प्रदर्शनं लावणारा माणूस आहे, गेली बावीस वर्षं पणजीत आणि आसपास चित्रं भिंतीवर चढवणं, लाईट लावणं, शिल्पाखाली पेडेस्टल लेव्हलला आणणं हेच काम करतोय, त्यामुळे कुठल्याही म्युझियममध्ये शिरलो की माझी नजर आधी उजेड कुठून येतोय तिकडे जाते. माटला मी दोनदा गेलोय, 2017 मध्ये एकटा आणि 2019 मध्ये सासूबाईंना घेऊन. पहिल्या खेपेला मी पण सरळ गच्चीवर गेलो, पूल बघितला, फोटो काढले, आत एक चक्कर मारली आणि तासाभरात बाहेर पडलो. दुसऱ्या खेपेला सासूबाईंना चढ नको होता म्हणून आम्ही खाली पाण्याच्या बाजूला बसलो, आणि तेव्हा मला ती इमारत कळली.

इमारतीबद्दल थोडं सांगतो. माट म्हणजे कला, वास्तुकला आणि तंत्रज्ञानाचं म्युझियम, ईडीपी ह्या वीज कंपनीच्या फाउंडेशनचं. तेजो नदीच्या काठाला लागून दोन इमारती आहेत. एक जुनं विटांचं वीजघर, त्याबद्दल पुढे सांगतो, आणि दुसरी ही नवी पांढरी, अमांडा लेव्हीट ह्या ब्रिटिश आर्किटेक्टच्या फर्मने केलेली, ऑक्टोबर 2016 मध्ये उघडलेली. वर्ष माझ्या लक्षात राहतं कारण त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे पणजीत सेरेंडिपिटी ह्या कला महोत्सवाची पहिली खेप झाली. इमारत उंच नाही. दोन्ही टोकांना जमिनीतूनच हळूहळू वर येते, मध्ये फुगते आणि परत जमिनीला मिळते. कोणी तिला लाट म्हणतं, मला ती वाळूत अर्धी रुतलेली तिसऱ्याची शिंपी वाटते. म्युझियमचा बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे, म्हणून मागच्या बेलेंच्या वस्तीला नदी दिसायची बंद झाली नाही, आणि नदीकाठी बांधताना ही गोष्ट किती मोठी आहे हे मांडवीच्या काठावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता टाइल्स. नदीकडची पूर्ण बाजू जवळपास 15,000 पांढऱ्या टाइल्सनी मढवलेली आहे, बार्सिलोनाजवळच्या कुमेय्या ह्या सिरॅमिकवाल्यांनी बनवलेल्या. लांबून ते सगळं एकसंध गुळगुळीत दिसतं. जवळ जा. एकही टाइल सपाट नाही, प्रत्येकीची एक कड पुढे आलेली, त्यामुळे प्रत्येक टाइलची सावली शेजारणीवर पडते, आणि सूर्य सरकला की ती सावली लांब होते, तिरकी होते, म्हणजे दुपारी दोनला बघितलेली भिंत आणि पाचला बघितलेली भिंत वेगळी असते. आणि त्या चकाकीत बारीक तड्यांचं जाळं आहे, मुद्दाम आणलेलं. सासूबाई डोळे बारीक करून बघत होत्या आणि म्हणाल्या, ही तर आमच्या लोणच्याच्या बरणीसारखी. अगदी तसंच आहे ते, जुन्या चिनी मातीच्या बरणीवर वर्षानुवर्षांनी जे जाळं उमटतं तेच, फक्त इथे भट्टीतूनच घेऊन आलेलं.

ह्यासाठी जाण्याआधी एक काम करा. आईंना पणजीला आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेत घेऊन जा, आत शिरतानाच भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत, जॉर्ज कोलासो ह्या पोर्तुगीज चित्रकाराने 1935 मध्ये केलेली, कामोंइश ह्या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत त्यात. आपण लहानपणापासून तिथून शंभरदा गेलेलो असतो आणि कधी थांबत नाही. पंधरा मिनिटं पुरेत. पोर्तुगालमध्ये घराघरावर, स्टेशनांवर, चर्चमध्ये टाइल लावायची ही जी परंपरा आहे ना, आझुलेजु म्हणतात त्याला, तीच लेव्हीटबाईंनी घेतली पण त्यातलं चित्र काढून टाकलं. कोलासोच्या टाइलवर गोष्ट रंगवलेली आहे, माटच्या टाइलवर जे काय दिसतं ते त्या वेळचं ऊन असतं. आईंच्या डोळ्यासमोर पणजीची भिंत ताजी असेल तर तुम्हाला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मुख्य गोष्ट, जी बहुतेक लोकांची चुकते. गच्चीचा पुढचा भाग नदीकडे छपरासारखा बाहेर आलेला आहे आणि त्याच्या खालून आत जायचा रस्ता आहे. समोर रुंद पायऱ्या थेट पाण्याकडे उतरतात. तिथे पायरीवर बसा आणि मान वर करून छपराच्या पोटाकडे बघा. तेजोच्या पाण्यावर पडलेलं ऊन उलटून त्या पोटावर येतं आणि हलत राहतं. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे, कवडसा. लहानपणी वाटीतल्या पाण्याचा कवडसा आढ्यावर नाचवायचो ना, तोच खेळ, पण अख्ख्या नदीचा. हा योगायोग नाही, डिझाइनच तसं केलंय, सावली पण द्यायची आणि पाण्यावरचा उजेड उचलून आत गॅलरीत पण न्यायचा. फेरीबोट गेली की अर्ध्या मिनिटाने वरचे कवडसे एकदम मोठे होतात, धावतात आणि परत निवतात. सासूबाई जवळजवळ पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. मी आजवर इतक्या जणांना प्रदर्शनं दाखवली पण एका जागी इतका वेळ बघत बसलेलं माणूस फार कमी पाहिलंय.

हे मला का एवढं भिडलं ते सांगतो, कारण हाच कवडसा माझ्या धंद्यात शत्रू आहे. काही वर्षांपूर्वी पणजीत नदीकडे तोंड असलेल्या एका हॉलमध्ये जलरंगांचं प्रदर्शन लावलं होतं, एप्रिलअखेर. मांडवी पणजीच्या उत्तरेला, त्यामुळे एरवी पाण्यावरच्या उन्हाचा तसा त्रास नसतो, उत्तरेचा उजेड म्हणजे चित्रांना सगळ्यात चांगला. पण एप्रिल-मेमध्ये सूर्य उत्तरेकडे कलून मावळतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाच वाजता पाण्यावरून उलटलेलं ऊन तिरकं खिडकीतून आत आलं आणि समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमच्या काचांवर नाचायला लागलं, एकही चित्र दिसेना. चित्रकार बाई कोपऱ्यात गप्प उभ्या होत्या. मी हॉल सकाळी बघून आलो होतो, संध्याकाळी बघितला नव्हता, चूक माझी. रात्री दोन वाजेपर्यंत अख्खी भिंत उतरवून दुसऱ्या बाजूला नेली. आणि काच चमकते एवढाच प्रश्न नसतो, जलरंग, जुने कागद, कापड ह्यांना साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड चालत नाही, रंग उडतात, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. तेलरंग 200 पर्यंत सोसतात. नदीकाठच्या उघड्या खिडकीशी हा आकडा कितीतरी पटीने जास्त असतो. वर खारी हवा, पावसात आपल्याकडे आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर जाते, कागदावर तपकिरी ठिपके पडतात, साधे खिळे महिन्याभरात गंजून भिंतीवर ओघळ येतात, म्हणून मी पितळेचे नाहीतर स्टेनलेसचेच स्क्रू वापरतो.

लिस्बनला तर उलटं आहे, नदी दक्षिणेला, म्हणजे वर्षभर, दिवसभर ऊन पाण्यावरून थेट इमारतीवर. दुसऱ्या कोणीही तिकडे जाड भिंत घातली असती. त्यांनी ते ऊन छपराच्या पोटावर घेतलं, तिथे खेळवलं, त्याचा जोर मोडला, आणि मग दालनं खाली जमिनीत नेली जिथे पाहिजे तेवढाच उजेड ठेवता येतो. हे बघितल्यावर मी खरंच हात जोडले.

आता "आत काहीच नाही" ह्याचं. हे म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण ते काय शोधत असतात ते बघा, ओळीने टांगलेली चित्रं. तिथे मधली मुख्य जागा ओव्हल गॅलरी, नावाप्रमाणे लंबगोल, कडेने उताराची वाट खाली जाते. लंबगोल भिंतीवर फ्रेम सपाट बसत नाही, मधेच फट राहते, हे कुठलाही सुतार सांगेल. म्हणून तिथे चित्रं टांगण्यापेक्षा त्या जागेसाठीच केलेली कामं असतात, प्रोजेक्शन, आवाज, वरून लोंबणाऱ्या गोष्टी, जमिनीवर मांडलेली रचना. पहिलं काम दोमिनिक गोन्झालेझ-फर्स्टर ह्या फ्रेंच कलाकाराचं होतं आणि ते पण लोकांनी आत शिरून अनुभवायचंच होतं. प्रदर्शनं बदलत राहतात, दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात एखादं दालन बंद असतं, त्यामुळे निघण्याआधी वेबसाइटवर काय चालू आहे ते बघा. आणि सगळं बघायच्या मागे लागू नका. उतारावरून एकदा सावकाश फिरा, जे एक काम पायांना थांबवेल तिथे पंधरा मिनिटं द्या, बाकी सोडा. आईंना "ह्याचा अर्थ काय" हे आधी वाचून दाखवू नका, भिंतीवरचं लेबल शेवटी वाचा. आधी विचारा, कशासारखं दिसतंय? ज्या बाईने जन्मभर दारात रांगोळी घातली, तुळशीला रंग दिला, देवळाच्या भिंतीवरची कावी, म्हणजे ती लाल-पांढरी चित्रं, बघितली, तिला जागा, रेघ आणि रंग कळतो, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.

पण आईंना सगळ्यात जास्त आवडेल ते बाजूचं वीजघर, पैज लावतो. तेजो वीजघर, 1909 पासून लिस्बनला वीज पुरवायला लागलं, कोळशावर, आणि शेवटची वीज 1972 मध्ये झाली, 1990 पासून तिथे विजेचं म्युझियम होतं, आता ते माटचाच भाग. बाहेरून लाल विटा, उंच कमानीच्या खिडक्या, काचा, आणि आत तीन-चार मजली घराएवढे बॉयलर, पाइप, घड्याळासारखी मीटरं, सगळं जागच्या जागी. त्याच्या खाली राखेची खोली आहे, वरची कोळशाची राख गाळत गाळत तिथे पडायची आणि माणसं ती गरम राख गाड्यांत भरून बाहेर काढायची. सासूबाईंनी वरच्या दालनात बॉयलर बघताक्षणी पहिला प्रश्न विचारला, एवढ्या चुलीची राख कुठे जायची? चाळीस वर्षं चूल फुंकलेल्या बाईचा प्रश्न, आणि पाच मिनिटांनी आम्ही खाली त्याच राखेच्या खोलीत उभे होतो. त्या तिथे काही बोलल्या नाहीत, फक्त गाडीच्या लोखंडी कडेवर बराच वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या. तिकीट घेताना दोन्ही इमारतींचं आहे ना हे विचारून घ्या, फक्त पांढरी इमारत बघून येणं म्हणजे अर्धंच बघणं.

काही लोक विचारतात की बिल्बाओचं गुगेनहाइम भारी की हे. 1997 मध्ये फ्रँक गेहरीने नदीकाठी टायटॅनियमचं जे उभं केलं त्यानंतर जगभर प्रत्येक शहराला पाण्याकाठी एक चमकदार म्युझियम हवं झालं, आणि ब्राझीलमध्ये नितेरॉयला ऑस्कर नीमायरने 1996 मध्ये खाडीच्या कड्यावर बशीसारखं म्युझियम केलंय, तिथे खिडकीतून समुद्र असा दिसतो की भिंतीवरच्या चित्राकडे कोण बघणार. ही दोन्ही मी फोटोतच बघितली आहेत म्हणून जास्त बोलत नाही. पण आपल्याकडचं एक बोलतो. पणजीत कांपालची कला अकादमी, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. जांभ्याच्या रंगाची, बसकी, वर पर्गोला, पुढून शिरलं की आरपार मांडवी. कोणी तिकीट मागत नाही, नाटक नसलं तरी माणूस त्या कट्ट्यावर बसू शकतो. आणि दीनानाथ मंगेशकर सभागृहात मारियो मिरांडांनी भिंतींवर जे प्रेक्षक रंगवलेत ते खऱ्या प्रेक्षकांच्या आधीच येऊन बसलेले असतात. माटची गच्ची पण अशीच, तिकिटाशिवाय, सगळ्यांची. लिस्बनला त्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा मला कांपालच आठवलं, कोरियांना ही गोष्ट कितीतरी आधी उमगली होती.

आता वाराचं आणि वेळेचं. माट मंगळवारी बंद असतं. बेलेंमधली बाकीची मोठी ठिकाणं, जेरोनिमुश मठ वगैरे, सोमवारी बंद. म्हणून सोमवार माटला चांगला, गर्दी पण त्या भागात जरा कमी. फक्त सोमवार म्हणजे आईंचा शिवराक, म्हणजे शाकाहाराचा दिवस, असेल तर लक्षात ठेवा, बेलेंची ती प्रसिद्ध पास्तेल नावाची गोड पेस्ट्री, 1837 पासूनचं दुकान आहे ते, त्यात अंड्याचा बलक असतो, बाहेरून कळत नाही. तुम्ही खा, त्यांच्यासाठी फळं किंवा घरचं काहीतरी डब्यात ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यात तिथे सूर्य साधारण सातच्या सुमारास मावळतो आणि म्युझियम पण सातलाच बंद होतं. माझ्या मते दोन-अडीचला पोचा, आधी वीजघर करा कारण तिथे चालणं जास्त, पाय ताजे असतात. मग पांढऱ्या इमारतीतली दालनं. चार ते साडेपाच छपराखालच्या पायऱ्यांवर, त्या वेळी ऊन खालून तिरकं येतं आणि कवडसे खोलवर पोचतात, ढग असतील तर हे काही दिसणार नाही, म्हणून हातात दोन-तीन दिवस असतील तर ऊन बघून दिवस ठरवा. तेजो तिथे समुद्राजवळ आहे, भरती-ओहोटी चांगलीच जाणवते, भरतीला पाणी जवळ येतं तेव्हा बघायला जास्त मजा, भावाला वेळ बघून ठेवायला सांगा. खालच्या ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आईंना वरच्या कोरड्या पायरीवर बसवा आणि एक छोटी उशी न्या, दगड गार लागतो आणि वारा आहे, शाल हवीच. गच्चीवर सगळ्यात शेवटी, मावळतीच्या अर्धा तास आधी, जिन्याने नाही, टोकाकडून उताराने चढा, चढ हलका आहे, मधे थांबत थांबत गेलं तर गुडघ्यांना जमेल. वरून डावीकडे 25 एप्रिल पूल दिसतो, 1966 चा, लाल, लोंबता, आणि गाड्यांची एक सतत घूं ऐकू येते, ती पुलाच्या जाळीदार पत्र्याची. नाही जमलं वर जायला तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

जायला काइश दु सुद्रे स्टेशनवरून काशकाइशच्या लाइनची लोकल, बेलें स्टेशनला उतरायचं, तिथून जवळ आहे. 15 नंबरची ट्राम पण जाते पण ती भरलेली असते आणि आईंना उभं राहावं लागेल. रस्ता आणि रूळ ओलांडायला म्युझियमच्या गच्चीवरूनच निघणारा पादचारी पूल आहे, बेलेंच्या वस्तीत उतरतो, परतताना तो वापरला तर दोन कामं एकात होतात.

त्याच दिवशी जेरोनिमुश, वास्को द गामाची कबर, शोधयात्रांचं ते 1960 चं स्मारक, सगळं कोंबू नका. आपण गोंयकार तिथे उभे राहिलो की पोटात काहीतरी हलतंच, तिथून निघालेली गलबतं आपल्याच बंदरांत आली, त्याला वेगळा दिवस द्या, घाईत उरकायची गोष्ट नाही ती.

फोटोंबद्दल एक. मोबाइलवर ह्या पांढऱ्या टाइल्स नुसत्या पांढऱ्या ढगासारख्या येतात, स्क्रीनवर टाइलवर बोट ठेवा आणि उजेड खाली ओढा, तड्यांचं जाळं दिसेपर्यंत. बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटून फोटो घेतला तर सावल्या येतात, समोरून घेतलात तर काहीच येत नाही.

आणि वेळ उरला तर म्युझियमपासून चालत जाण्यासारखा बेलेंचा फेरीधक्का आहे, तिथून पलीकडे पोर्तु ब्रांदांव आणि त्राफारियाला फेरी जाते. बेतीच्या फेरीतून पणजी बघतो तशी ती पांढरी इमारत पाण्यातून बघायची, विटांचं वीजघर आणि ती शेजारी-शेजारी, दोघींची उंची कशी जुळवून घेतलीये ते तिथूनच दिसतं. फेऱ्या फार नसतात, म्हणून चढण्याआधी परतीची कितीला आहे ते खिडकीवर विचारून घ्या.